एका रात्रीची पावती

मर्ल ऑस्टबी बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलेनासा झाला, त्याला पाच महिने होत आले होते. बोलताना तो तिच्या कानाकडे बघायचा, नाहीतर तिच्या खांद्यावरून मागच्या खिडकीकडे. आर्डिथने विस्कॉन्सिनमधल्या एका खेड्यात एकतीस वर्षं दुसरीच्या वर्गाला शिकवलं होतं. नजर चुकवणाऱ्याच्या खिशात काहीतरी असतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

आणि त्या बुधवारी सकाळी, फिरत्या गाड्यांच्या तळावरच्या कपडे धुण्याच्या खोलीत, मर्लच्या सदऱ्याच्या खिशात खरोखरच काहीतरी सापडलं. तळहाताएवढा पिवळा कागद. त्यावर जाड काळ्या पेनाने काढलेले बोटभर उंचीचे आकडे. सात दोन पाच. नऊ तीन आठ. चार सहा दोन. बाकी काही नाही.

आर्डिथने कागद उजेडात धरला. फोन नंबर म्हणावा, तर तो दहा आकडी असतो; हा एकाने कमी. सरकारकडून जन्माचा चिकटतो तो नंबर नऊ आकडी असतो खरा, पण हा मर्लचा नव्हता आणि तिचाही नव्हता. मग कोणाचा? आणि एवढे मोठे आकडे कशाला? मर्लचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्याने लिहिलेली सामानाची यादी वाचायला दुकानातल्या मुलीही चष्मा मागायच्या.

तिने कागद होता तसा खिशात ठेवला आणि तो सदरा न धुताच परत नेऊन खुंटीला टांगला. पाणी कुठं मुरतंय हे बघायचं असेल, तर खणायची घाई करू नये.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी घर विकून चौतीस फुटी मोटरहोम घेतलं होतं. हिवाळ्यात ॲरिझोना, उन्हाळ्यात वर उत्तरेला. चुलीपासून पलंगापर्यंत सगळा संसार चाकांवर. माणूस असा कितीही फिरता असला, तरी सरकारला तो कुठंतरी उभा असलेला लागतो. पत्ता नाही तर लायसन्स नाही, गाडीचा विमा नाही, मत नाही, टपालाने येणारी औषधंसुद्धा नाहीत. आजवर त्यांनी आर्डिथच्या बहिणीचा, बर्निसचा पत्ता लावला होता. पण बर्निस या महिनाअखेर वृद्धाश्रमात चालली होती आणि तिचं घर विकलं गेलं होतं. त्यातच शुक्रवारी मर्लचा बहात्तरावा वाढदिवस, आणि त्याच दिवशी त्याचं लायसन्स संपत होतं.

म्हणून ते साउथ डकोटात आले होते. इथली रीत सोपी. फिरत्या लोकांचं टपाल सांभाळणाऱ्या कंपनीत एक नंबराची पेटी घ्यायची. कुठल्याही तळावर एक रात्र पैसे भरून राहायचं आणि त्याची पावती जपून ठेवायची. पेटीचा नंबर, पावती आणि शपथेचा एक कागद घेऊन लायसन्सच्या कार्यालयात जायचं, की झालात रहिवासी. दर आठवड्याला कोणी ना कोणी येऊन होत असे. गावातले लोक त्यांना ‘एका रात्रीचे गावकरी’ म्हणायचे, आणि हॉटेलात त्यांनाही बाकीच्यांसारखीच कडू कॉफी द्यायचे.

एवढं सगळं ठीक होतं. आर्डिथला खटकत होतं ते वेगळंच. एक टायर घ्यायचा तर चार दुकानं पालथी घालणारा हा माणूस; त्याने राज्य एका संध्याकाळी ठरवलं. कार्यालय निवडलं तेही फक्त गुरुवारी उघडणारं, एका खोलीचं. मोठ्या शहरातलं कार्यालय वाटेतच होतं.

“तिथं रांग असते,” मर्ल म्हणाला होता.

रांगेत उभं राहून अनोळखी लोकांशी गप्पा मारणं हा मर्लचा सगळ्यात आवडता खेळ होता.

धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन ती परत निघाली, तेव्हा पलीकडच्या गाडीच्या सावलीत ट्रूडी आणि मर्ल खुर्च्या जवळ ओढून बसलेले दिसले. ट्रूडी म्हणजे टेक्सासकडून आलेली, साठीची, एका छोट्या गाडीत तीन मांजरांसह राहणारी बाई. गेल्या गुरुवारीच ती इथली रहिवासी झाली होती आणि आता तळावरच्या सगळ्यांना फुकट सल्ले वाटत होती.

“मधला गट नीट घोकून ठेव,” ट्रूडी हळू आवाजात सांगत होती. “माझी तिथंच गडबड झाली.”

“पाठ आहे,” मर्ल म्हणाला.

खडीवर आर्डिथची पावलं वाजली तसा मर्ल दचकून गप्प झाला. ट्रूडीने लगेच आवाज चढवला. “अगं आर्डिथ, ये ना! इथला केक खा, कूकन. बेकरीतल्या बाईनं आलूबुखार घालून केलाय. माझी मांजरंसुद्धा ताट चाटून गेली.”

“मांजरांनी चाटलेलं ताट मला नको,” आर्डिथ म्हणाली. “कसले गट घोकायचे चाललेत?”

“गट?” मर्लने विचारलं.

“मधला गट.”

“ते... ट्रूडी बिंगोचं सांगत होती,” मर्ल तिच्या कानाकडे बघत म्हणाला.

ट्रूडी आपल्या बोटांवरच्या साखरेकडे बघत राहिली. आर्डिथने दोघांकडे एकेकदा नीट पाहिलं आणि टोपली उचलून चालू लागली. मुलं खोटं बोलतात तेव्हा निदान दोघं मिळून एकच गोष्ट ठरवतात. या दोघांना तेवढंही सुचलं नव्हतं.

गाडीत आल्यावर तिने कागदपत्रांचं पाकीट टेबलावर ओतलं. तळाची पावती पाहिली. तिला वाटलं होतं, पावतीवर एकाचंच नाव असणार. पण दोन्ही होती: मर्ल ऑस्टबी, आर्डिथ ऑस्टबी, एक रात्र. टपालपेटीचा करार पाहिला. दोघांना एकच पेटी, एकच नंबर. म्हणजे वेगळा पत्ता करून पळायचा बेत नव्हता. की होता, आणि तो आणखी खोल पुरला होता?

संध्याकाळी बटाटे सोलताना ती म्हणाली, “मर्ल, माझ्याकडे बघ.”

“बघतोय की.”

“कुठं बघतोयस?”

“तुझ्याकडेच. दोन वर्षं याच डब्यात आहोत आपण, आणखी बघायला आहे काय?” तो हसला. “मास्तरीणबाई, हजेरी झाली असेल तर मी पाण्याची नळी गुंडाळून येऊ?”

तो बाहेर गेला. आर्डिथ सुरी हातात धरून बसली. एप्रिलमध्ये नेब्रास्कातल्या एका दुपदरी रस्त्यावर शाळेची पिवळी बस थांबलेली होती, सगळ्यांनी थांबावं म्हणून तिचे लाल दिवे लागलेले होते, आणि मर्ल तिच्या बाजूने सरळ पुढे निघाला होता. बसच्या पायरीवर एक मुलगी उभी होती, तिच्या पाठीला हिरवं दप्तर. आर्डिथ ओरडली तेव्हा कुठं त्याने ब्रेक दाबला. मुलगी अजून पायरीवरच होती म्हणून वाचली. “विचारात होतो,” एवढंच मर्ल म्हणाला. पुढं गाडी मागे घेताना एका तळावर त्याने ती विजेच्या खांबावर ठोकली. गाडी मागे घेणं हे दोघांचं काम: एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून हातांनी खुणा करायच्या. खुणा आर्डिथने नेहमीसारख्याच केल्या होत्या. “तुझे हातच धड नाहीत,” असं म्हणून मर्लने खापर तिच्यावर फोडलं होतं.

विचारात होता. मग तो विचार कोणाचा? आर्डिथने बटाटा इतका सोलला की त्याचं बोर झालं.

गुरुवारी सकाळी मर्लने तोच सदरा घातला. खिसा किंचित फुगलेला होता.

बारा मैलांचा रस्ता त्याने बैलगाडीच्या वेगाने कापला. दोन्हीकडे गवत, वारा, आणि मैलभर अंतरावर एखादी गाय. मागून आलेला एक ट्रक भोंगा वाजवून पुढे गेला.

“घाई असलेल्यांनी जावं पुढं,” मर्ल म्हणाला. मग थोड्या वेळाने, अगदी सहज बोलावं तसं: “आर्डिथ, तिथं पहिला नंबर तू लाव.”

“का?”

“बायका आधी. माझ्या आईनं वळण लावलंय मला.”

“चोपन्न वर्षांत एकदाही दिसलं नाही ते वळण.”

मर्लने गाणं गुणगुणायला सुरुवात केली. पकडलं जाण्याच्या भीतीत तो नेहमी गुणगुणायचा.

कार्यालय म्हणजे कौंटीच्या इमारतीतली मागची खोली. एक पंखा, एक मलूल कुंडी, आणि टेबलामागे जोलीन नावाची शांत, रुंद चेहऱ्याची बाई. तिने पावती पाहिली, पेटीचा करार पाहिला आणि शपथेचे कागद दोघांपुढे सरकवले.

“नीट वाचून सही करा. राज्याबाहेर असताना परत इथंच यायचा तुमचा इरादा आहे, असं तुम्ही शपथेवर सांगताय.”

आर्डिथने कागद शब्द न् शब्द वाचला. तिचं वाचून व्हायच्या आत मर्लची सही झालीसुद्धा होती.

“वाचलंस?” तिने विचारलं.

“वाचलं.”

“मिस्टर ऑस्टबी,” जोलीन म्हणाली, “तुम्ही तारखेच्या जागी सही केलीत. खाली करा. अजून खाली. तिथं.”

“अक्षर मोठं आहे माझं, जागा पुरत नाही,” मर्ल म्हणाला. जोलीन हसली. आर्डिथ हसली नाही.

“आता डोळे,” जोलीन म्हणाली. टेबलाच्या कडेला दुर्बिणीसारखं एक यंत्र होतं. “आधी कोण?”

“ती,” मर्ल लगेच म्हणाला.

आर्डिथ वाकली. आत सगळा काळोख. “काहीच दिसत नाही.”

“कपाळ पट्टीवर दाबा. दाबल्याशिवाय दिवा लागत नाही.”

तिने कपाळ दाबलं आणि आत पांढरा उजेड पडला. तो इतका होता की तिच्या गालांवरही सांडला.

“पाचवी ओळ वाचा.”

“सात, दोन, पाच,” आर्डिथ म्हणाली, आणि थांबली. पुढं काय आहे हे तिला न बघताच ठाऊक होतं. तरी तिने बघितलं. “नऊ... तीन... आठ. चार, सहा, दोन.”

“छान. मधे घुटमळलात, पण मधल्या गटाशी पुष्कळ जण घुटमळतात.”

आर्डिथ बाजूला झाली. दुसरी बाई नव्हती. दुसरा पत्ता नव्हता. रस्त्यावरचे लोक स्वस्त डिझेल कुठं मिळतं, कुठल्या तळाचं पाणी गोड आहे, हे एकमेकांना सांगतात, तशी ट्रूडीने पाचवी ओळ सांगितली होती. सुटकेचा एक श्वास आर्डिथने घेतला. सोडण्याआधीच बसच्या पायरीवरचं ते हिरवं दप्तर तिच्या डोळ्यांपुढे आलं.

मर्ल यंत्रापाशी वाकला. जोलीन पडद्याकडे बघत आर्डिथची माहिती भरत होती. “पाचवी ओळ,” ती तशीच म्हणाली.

“सात दोन पाच, नऊ तीन आठ, चार सहा दोन.” मर्लने एका दमात म्हटलं, मुलं पाढे म्हणतात तसं.

त्याच्या गालांवर उजेड नव्हता. कपाळ आणि पट्टीच्या मधे दोन बोटांचं अंतर होतं. आत काळोख होता, आणि त्या काळोखातून त्याने नऊ आकडे वाचले होते.

“उत्तम,” जोलीन म्हणाली आणि टाइप करू लागली.

मर्ल सरळ झाला. त्याचा चेहरा घामेजलेला, पण खुशीत होता. आर्डिथला वाटलं, गाडीत जाऊन बोलू. इथं नको, परक्या बाईसमोर नको. उद्या त्याचा वाढदिवस. हे लायसन्स गेलं तर चाकांवरचा संसार गेला. ती स्वतः ही गाडी रिकाम्या मैदानात तीनदा चालवून थांबली होती. पण कॉपी धरायची असेल तर ती पेपर गोळा व्हायच्या आधी धरावी लागते. नंतर बोलून नुसतं भांडण होतं, मार्क बदलत नाहीत.

जोलीनची बोटं अजून चालत होती.

“जोलीन,” आर्डिथ म्हणाली, “मर्लचे डोळे परत तपासा. दिवा लागला नव्हता.”

मर्ल तिच्याकडे वळला. तिच्या कानाकडे.

“आर्डिथ,” तो एवढंच म्हणाला.

जोलीनने दोघांकडे पाहिलं, उठून यंत्राची कळ फिरवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “कपाळ दाबा, मिस्टर ऑस्टबी. चौथी ओळ. यातले आकडे मोठे आहेत.”

या वेळी त्याच्या गालांवर उजेड पडला. तो बराच वेळ वाकलेला राहिला. आर्डिथने कुंडीतली पानं मोजली, अकरा होती.

“कडेला काहीतरी आहे,” मर्ल शेवटी म्हणाला. “मधे काही नाही.”

जोलीनने यंत्राची कळ बंद केली. “लायसन्स मला देता येणार नाही. डॉक्टरांचं पत्र आणलंत तर वरचे लोक बघतील. पण ओळखपत्र आज देते. पावती आहे, पेटी आहे, सही आहे, म्हणजे रहिवासी तर तुम्ही आहातच.” तिने कॅमेरा ओढला. “इकडे बघा.”

मर्लने खिडकीकडे बघितलं. “आता तुम्ही दिसताय,” तो म्हणाला. “काढा.”

बाहेर वारा सुटला होता. गाडीच्या दाराशी येऊन मर्ल थांबला. मग म्हणाला, “वर्गात उभं केलंस मला. सगळ्यांसमोर.”

“सगळे म्हणजे जोलीन आणि एक कुंडी.”

“कळलं होतं तर मला सांगायचं होतंस.”

“मी सांगायचं होतं?” आर्डिथचा आवाज चढला. “कधीपासून आहे हे?”

“मार्च. डॉक्टर म्हणाला, मधोमध डाग आहे, वाढत जाणार. कडेचं दिसत राहील.”

“आणि एप्रिलमधली बस?”

मर्लने दारावर हात टेकला. “पिवळं दिसलं. लाल नाही दिसलं. ती मुलगी तर मी पाहिलीच नाही, आर्डिथ. तू ओरडलीस तेव्हा कळलं की कोणीतरी आहे.”

“आणि त्यानंतरही चालवत राहिलास.”

“बोललो असतो तर सगळं संपलं असतं. गाडी विकायची, आणि बर्निसच्या शेजारी एका खोलीत बसून मरायचं. मला वाटलं, आणखी एक हिवाळा मिळवावा.”

“कोणाच्या जिवावर?”

मर्लने दारावरचा हात काढून घेतला.

“मला वाटलं दुसरी कोणी आहे,” आर्डिथ म्हणाली. “ट्रूडी.”

“ट्रूडी!” मर्ल एवढ्या मोठ्याने म्हणाला की कुंपणावरचा पक्षी उडाला. “तीन मांजरं आहेत तिला. तिच्या खुर्चीत बसलो तरी मी तासभर शिंकतो. तिला मी खरं सांगितलं नाही हं. परीक्षेत मला घाम फुटतो, एवढंच म्हणालो.”

“मग माझ्याकडे का बघत नाहीस?”

“बघतो म्हणूनच,” तो म्हणाला. “सरळ बघितलं की तुझं तोंड पुसलं जातं. नाक, डोळे, काही राहत नाही. जरा कानाकडे बघितलं की तू दिसतेस.”

“आता कुठं बघतोयस?”

“कानाकडे.”

“आणि काय दिसतंय?”

“सगळं. चिडलेलं.”

आर्डिथने हात पुढे केला. त्याने खिशातून किल्ली काढली. किल्लीबरोबर तो पिवळा कागदही बाहेर आला. वाऱ्याने तो उचलला आणि रस्त्यापलीकडच्या गवतात नेला. दोघांपैकी कोणीही त्याच्यामागे गेलं नाही.

परतीचे बारा मैल तिने घाम गाळत गाडी चालवली. मर्ल शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत होता.

“उजवीकडचा आरसा—”

“गप्प बस.”

“बरं.” काही मैलांनी तो म्हणाला, “तो बोर्ड काय आहे?”

लग्न झाल्यापासून त्याने कधी तिला बोर्ड वाचायला सांगितला नव्हता. तिने वाचला. “पुढे वळण. पंचेचाळीसच्या वर नको.”

“मग तू तर निम्म्यानंच चाललीयेस.”

“घाई असलेल्यांनी जावं पुढं,” आर्डिथ म्हणाली.

तळावर त्यांची जागा दोन खांबांच्या मधे होती आणि गाडी मागेच घ्यावी लागायची. मर्ल न सांगता उतरला आणि जिथं नेहमी ती उभी राहायची तिथं जाऊन उभा राहिला. आर्डिथने आरशात पाहिलं. तो गाडीकडे बघतच नव्हता. लांबच्या टेकड्यांकडे तोंड करून, दोन्ही हात वर धरून उभा होता. ये, ये, जरा डावीकडे, ये. ट्रूडी मांजर काखेत धरून दारात आली आणि बघत राहिली.

“थांब!”

आर्डिथने ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं, हातब्रेक ओढला, खाली उतरली आणि गाडीला वळसा घालून मागे गेली. खांब आणि गाडी यांच्यात वीतभर अंतर होतं. तिने वीत लावून बघितली.

“बरोबर सांगितलंस,” ती म्हणाली.

“तपासायला उतरलीस?”

“उतरले,” आर्डिथ म्हणाली. “उद्याही उतरणार.”